सोसायटीच्या काट्यावर तीन शनिवार

माय, परवा मी सोलापूरला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून आलो. पोटावर गार, चिकट काहीतरी लावतात आणि हातातलं यंत्र त्यावरून फिरवत पडद्याकडं बघत बसतात. दुखत नाही. काळजाला चरबी धरली आहे आणि त्याला बारीक सूज आहे, असं कागदावर आलं. काळीज म्हणजे छातीत धडधडतं ते नव्हे. उजव्या बरगडीखालचं, ज्याला डॉक्टर लोक लिव्हर म्हणतात आणि जिथं हात दाबून तू चुलीपुढून उठायचीस, ते. तिथवर जायची वेळ तुझ्या सुनेमुळं आली. गेल्या चार-पाच वर्षांत माझं पोट सुटलंय. ताटात मी अर्धी भाकरी घेतो, वरण पातळ, भात बंद, तरी सदऱ्याची बटणं काजात बसायला तयार नाहीत. एक दिवस ती ताट उचलता उचलता म्हणाली, "अर्ध्या भाकरीवर कुणाचं पोट असं सुटत नसतंय. तुमी चोरून खाता." नातवंडं हसली, मीही हसलो. मग माझं हसू आटलं. चोरून खाण्याची गोष्ट आपल्या घरात याआधी एकदा निघाली होती, आणि तेव्हा ती तुझ्याबद्दल होती.

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन आता चाळीस वर्षं होत आली, तेव्हा हे पत्र कुठं जायचं नाही हे मला कळतं. पण जन्म मास्तरकीत गेला. गोष्ट लिहून काढल्याशिवाय ती माझ्या डोक्यात नीट बसत नाही. म्हणून झालं तसं, क्रमानं लिहितो. मधेच माझी बाजू घेतली तर समजून घे. ती माझी जुनी खोड आहे आणि ती तुला चांगली माहीत आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी वीस वर्षांचा होतो. सोलापूरला सायन्सचं एक वर्ष काढून गावी परतलेलो, कारण पुढं शिकायची ऐपत उरली नव्हती. घरातला कर्ता बाप, अण्णा, जाऊन आठ वर्षं झाली होती. आपल्या शिवारात, लोहाऱ्याच्या रस्त्याच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आणि अर्धं गाव त्या मातीवर गेलं. मला अक्षर चांगलं म्हणून हजेरी लिहायला घेतलं. तुला सुकडीच्या शेडमध्ये घेतलं. नातवंडांना सुकडी सांगून कळत नाही. गव्हाचं पीठ तेलात खमंग भाजायचं, गूळ विरघळवून त्यात ओतायचा, परातीत थापून वड्या पाडायच्या, आणि दुपारी कामावरच्या माणसांना नि त्यांच्या पोरांना एकेक वाटायची. पत्र्याची शेड, खाली तीन दगडांची मोठी चूल, वर कढई, आणि तू हातभर लांबीचा उलथना घेऊन उभी. भाजल्या पिठाचा वास बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत यायचा. माणसं घमेली टाकता टाकता नाक वर करून बघायची. कुणी घरी रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत असेल तर त्या वासानं त्याचा जीव कसा होत असेल, ते मला तेव्हाही कळत होतं, कारण मीही मिलोच खात होतो.

त्याच्या दोन वर्षं आधी तुला कावीळ झालेली. तू अणदूरला माहेरी जाऊन झाडपाला घेऊन आलीस, डोळे पांढरे झाले, आणि कावीळ गेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्यानंतर तू भरायला लागलीस. आधी तू काटकुळी होतीस. अण्णा होते तेव्हाचं तुझं लुगडं तुझ्याभोवती दोनदा फिरायचं. चाळिशी उलटली आणि दंड भरले, पोट पुढं आलं, चोळी उसवून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्या लागल्या. तू चालताना दमायचीस. पाण्याची घागर आणताना मारुतीच्या पारावर दोनदा टेकायचीस. जेवण मात्र कमी कमी होत गेलं. "जेवन वर येतंय," म्हणायचीस, आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात सरकवायचीस. मला त्यात नवल काही वाटलं नाही. बायांचं वय झालं की त्या जाड होतात, एवढंच मला माहीत होतं, आणि गावालाही तेवढंच माहीत होतं. एरवी त्यावर कुणी बोललंही नसतं. पण त्या वर्षी गावात जाड होत चाललेलं माणूस एकटी तूच होतीस.

पौषाच्या सुमाराला सुकडी कमी पडायला लागली. रांगेतल्या शेवटच्या दहा-वीस जणांना अर्धी वडी मिळायची, कधी नुसता चुरा. पीठ कमी येत होतं, का मधे कुठं जात होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण शेड तुझ्या हातात होती आणि तू डोळ्यांसमोर फुगत होतीस. शेजारच्या काकूनं, जिच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो त्याच काकूनं, भर रांगेत तोंड उघडलं. "आमची हाडं वर निघाली आन् हिला चोळी पुरंना झालीया. ही काय वारा खाऊन फुगलीया?" लोक हसले. काकूचं बोलणं नेहमीच असं, पण त्या दिवशी ती थट्टा करत नव्हती. तिच्या वाट्याला चुरा आला होता.

मुकादम नळदुर्गाकडचा, माणूस वाईट नव्हता. त्यानं तुला आणि मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "बाई, म्या तुमास्नी चोर म्हणत न्हाय. पण सुकडी कमी पडलालीय ही खरी गोष्ट हाय, आन् लोक तुमचं नाव घेऊलालेत. कायतरी खुलासा व्हायला पायजे." तू म्हणालीस, "म्या खाल्ली न्हाय." तो म्हणाला, "ते तुमी म्हणताव. लोकांला कसं पटवू?" एवढं बोलून तो थांबला असता आणि चार दिवसांनी ते विरून गेलं असतं. मधे तोंड मी घातलं. मला त्या क्षणी लई हुशार असल्यासारखं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

दर शनिवारी पगार वाटायला सगळे गावच्या सहकारी सोसायटीच्या गोदामापुढं जमायचे. गोदामात लोखंडी पाटाचा काटा होता. एरवी त्यावर खताची पोती चढायची. त्या वर्षी खत कुणी नेत नव्हतं, तेव्हा तो रेशनच्या मिलोवर चालायचा. मी मुकादमाला म्हणालो, आपण आईचं वजन करू. सगळ्यांदेखत, दर शनिवारी. माणसाच्या अंगात जेवढं अन्न जातं त्यातलंच अंगावर दिसतं, आभाळातून काही येत नाही. गावातल्या सगळ्यांची वजनं उतरत आहेत. ती सुकडी खात नसेल तर तिचंही उतरलंच पाहिजे. तीन आठवडे बघा, तुमचा खुलासा काटाच करील. मुकादमाला हे पटलं. मलाही इतकं पटलं की मी तुला विचारायच्या आधी त्याला हो म्हणून बसलो.

घरी आल्यावर तू तवा चुलीवर ठेवत विचारलंस, "तुला खात्री हाय न्हवं?" मी म्हणालो, "हाय की माय. शास्त्र हाय हे." तू थोडा वेळ भाकरी थापत राहिलीस. मग म्हणालीस, "तू म्हणतुयस तर राहते उभी. मला त्यातलं काय कळतंय." तू माझ्या शब्दावर उभी राहिलीस, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिला शनिवार तसा हसण्यावारीच गेला. तू चप्पल काढलीस, कमरेची पान-सुपारीची चंची सोडून माझ्या हातात दिलीस, उगीच तिचं वजन धरायला नको म्हणून, आणि पाटावर चढलीस. सोसायटीच्या माणसानं दांडीवरचं वजन सरकवत सरकवत आणलं. एकसष्ट किलो. मागून कुणीतरी म्हणालं, "खताचं पोतं चढवलंय जणू." तू पाटावरूनच म्हणालीस, "पोत्याला निदान बसून राहता तरी येतंय." सगळे हसले, काकूसुद्धा. ताळा बघायला म्हणून काकूलाही चढवलं. ती त्रेचाळीस भरली. खाली उतरून तू चंची माझ्याकडून घेतलीस, कमरेला खोचलीस, आणि आपण दोघं बोलत बोलत घरी आलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या गोदामापुढं सांगायला हवी होती. शेडमध्ये काम करणाऱ्या बाईलाही एक वडी हक्काची होती. तू ती कधी खाल्ली नाहीस. दिवसभर तेलाच्या वासात उभी राहून तुला मळमळायचं. पदराच्या टोकाला बांधून तू ती वडी घरी आणायचीस आणि दिवेलागणीच्या आत माझ्यापुढं ठेवायचीस. "तूच खा, मला वास नगं." मी खायचो. रोज. तू पदरात काहीतरी बांधून शेडमधून निघतेस, हे लोकांनी बघितलेलं होतं. ते कुणाच्या पोटात जातं हे फक्त दोघांना ठाऊक होतं. वीस वर्षांचा बाप्या, हजेरी लिहिणारा, आईच्या वाटणीची वडी खातो हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटत होती. एवढंच त्याचं कारण आहे, दुसरं काही नाही.

दुसऱ्या शनिवारी काटा साडेएकसष्टावर थांबला. काकू अर्ध्या किलोनं उतरली होती. मुकादम म्हणाला, अर्धा किलो इकडं-तिकडं होतंय. मी म्हणालो, लुगडं जाड आहे आजचं. ते खरंच जाड होतं. पण त्या आठवड्यात तू जेवण जवळजवळ सोडलंस. पाव भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, वरून तांब्याभर पाणी. मी समोर बसून बघत होतो. म्हणालो, "खा की गं नीट." तू म्हणालीस, "काट्याला दाखवायचंय न्हवं." बुधवारी का गुरुवारी तू उंबऱ्यावर बसून पाय पुढं केलेस. चप्पलेचे पट्टे पायात रुतून खाच पडली होती. "हे बग," म्हणालीस, आणि नडगीवर बोट दाबून काढलंस. खड्डा पडला आणि तसाच राहिला, ओल्या मातीत पडावा तसा. "हे काय आसंल रं?" मी म्हणालो, दिवसभर उभी राहतेस, त्यानं होतंय. मला हजेरीचा ताळा घालायचा होता, मी वहीकडं वळलो.

तिसऱ्या शनिवारी त्रेसष्ट किलो भरलं. सोसायटीच्या माणसानं दोनदा सरकवून बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही. गोदामाच्या पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. मुकादम तुझ्याकडं न बघता माझ्याकडं वळला. "तुमी शिकलेलं हायसा. तुमीच सांगा, काय समजायचं?" माझ्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. पदरातली वडी मी खातो. आठवडाभर ती पाव भाकरीवर आहे, मी समोर बसून बघितलंय. तिच्या पायाला बोट लावलं तर खड्डा पडतो. यातलं मी काहीच बोललो नाही. मी म्हणालो, "काटा खोटं बोलत नाही."

मला तेव्हा तुझा राग आला होता, माय. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी सगळ्या गावापुढं शास्त्र मांडलं होतं आणि तू मला खोटं पाडलं होतंस. डोळ्यांनी बघितलेलं एका बाजूला आणि दांडीवरचा आकडा दुसऱ्या बाजूला, अशी निवड आली तेव्हा मी आकडा घेतला. मला वाटलं शिकलेला माणूस असंच करतो. तू पाटावरून उतरलीस. माझ्याकडं बघितलंस, फार वेळ नाही. चप्पल पायात सरकवलीस आणि निघालीस. चंची माझ्या हातातच राहिली. ती खिशात घालून मी पगार वाटप संपेपर्यंत थांबलो, कारण सह्या-अंगठे घ्यायचं काम माझं होतं.

घरी आलो तेव्हा तू मिरच्या भाजत होतीस. मी दारातूनच विचारलं, "खरं सांग, खाल्लीस का?" ठसक्यानं तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू म्हणालीस, "खाल्ली आसती तर बरं झालं आसतं. निदान तोंडाला चव तरी आली आसती." मी म्हणालो, "मग वजन कशानं वाढलं?" "मला काय ठावं. शिकलाईस तू." एवढंच आपलं बोलणं झालं. नंतर बारा-तेरा वर्षं आपण एका घरात राहिलो, पण त्यावर पुन्हा बोललो नाही. चंची मी फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तुझ्या कमरेला होती.

शेडवर मुकादमानं दुसरी बाई घेतली. सोमवारपासून तू मातीवर आलीस. मी झाडाखाली हजेरी घेऊन बसायचो आणि तू माझ्या समोरून डोक्यावर घमेलं घेऊन बांध चढायचीस, खाली उतरायचीस, मधेच बरगडीखाली हात दाबून थांबायचीस. तुझं नाव मी रोज लिहायचो, रोज हजर. पाऊस पडून काम बंद होईपर्यंत तू एक खाडा केला नाहीस. सुकडी नव्या बाईच्या हातातही कधी पुरली, कधी पुरली नाही. त्यावर मग कुणी बोललं नाही. नवी बाई वाळलेली होती.

पुढचं तुला माहीतच आहे, तरी लिहितो. मी शिक्षण पुरं केलं, लोहाऱ्याला शाळेत लागलो, शास्त्र शिकवायला लागलो. तुझी सून घरात आली. गावात दूध डेअरी निघाली, आपण म्हैस घेतली. डेअरी त्याच गोदामात होती आणि दूध त्याच दारातून आत न्यावं लागायचं. तू कधी गेली नाहीस. सकाळ-संध्याकाळ आपलं दूध काकू घालायची, आपलं आणि तिचं, दोन्ही हातांत दोन किटल्या घेऊन. एकदा मला म्हणाली, "तुजी माय काट्याला भेती रं." मग किटल्या खाली ठेवून म्हणाली, "म्याच तोंड सोडलं हुतं त्या टायमाला." ती तेवढं तरी बोलली. मी मान हलवून पुढं गेलो.

तुझं पोट नगाऱ्यासारखं ताणलं तेव्हा तुला उस्मानाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे. डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, पोटावर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "बाई, दारू घेता का?" तू त्याच्याकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघून म्हणालीस, "हे बी एकदा काट्यावर बघा." डॉक्टरला काही कळलं नाही. मी लाजेनं बाहेर व्हरांड्यात गेलो. नंतर त्यांनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं, बादली अर्धी भरली. पाणी उतरल्यावर बघितलं तर तुझ्यात काही उरलंच नव्हतं. दंडाची कातडी लोंबत होती, बरगड्या मोजता येत होत्या. लिव्हर आकसलंय, फार वर्षांचं दुखणं आहे, असं डॉक्टर म्हणाला. फार वर्षांचं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. महिन्याभरात तू गेलीस. तुला अंघोळ घालताना काकूनं एकटीनं तुला उचलून कुशीवर वळवलं.

आणि तरी हे सगळं मी त्या काट्याशी जोडलं नाही. कावीळ, पाय, पोट, सगळं माझ्यासमोर घडलेलं, पण ते शेवटचं आजारपण म्हणून एका बाजूला पडलं आणि ते तीन शनिवार दुसऱ्या बाजूला राहिले. पुढंही मी वीस-पंचवीस वर्षं पोरांना शिकवत राहिलो. वस्तुमान, ऊर्जा, अन्नाचं ज्वलन. प्रयोगशाळेत तराजू होता. त्यावर खडू, दगड, पाण्याची वाटी मांडून दाखवायचो आणि म्हणायचो, आकड्यावर भरवसा ठेवा, माणसाच्या सांगण्यावर नको. पोरं वहीत लिहून घ्यायची. आकडा बरोबर असतो आणि त्यावरून आपण काढलेला अर्थ चूक असू शकतो, हे वाक्य मला त्या सगळ्या वर्षांत एकदाही सुचलं नाही.

परवाच्या डॉक्टरीण बाई नातीच्या वयाच्या. मला काका म्हणाल्या. चप्पल काढून काट्यावर उभं राहायला सांगितलं. मी खिशातलं पाकीट, किल्ल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला तर हसल्या, म्हणाल्या, एवढ्यानं फरक पडत नाही. मग विचारलं, "काका, जेवण कसं आहे?" मी म्हणालो, अर्धी भाकरी, पातळ वरण, भात नाही. त्या म्हणाल्या, "होतं असं. या वयात अंगातली आग मंदावते. तरुणपणी जेवढं अन्न शरीर सहज जाळायचं तेवढं आता जळत नाही, उरलेलं चरबी म्हणून साठतं. त्यातलं लिव्हरमध्येही साठतं. मग लिव्हरला बारीक सूज धरते, आणि सुजलेलं लिव्हर आपलं काम नीट करत नाही. साखर आणि चरबी यांची सगळी वाटावाट त्याच्याकडं असते, ती बिघडली की चरबी आणखी साठते. सुजेनं चरबी, चरबीनं सूज. त्यामुळं माणूस थोडं खाऊनही सुटू शकतो. घरचे काही म्हणत असतील तर मनावर घेऊ नका. तुमची त्यात चूक नाही." आणि गोळ्या लिहायला लागल्या.

मी विचारलं, एक बाई होती, पन्नास वर्षांपूर्वीची. कावीळ होऊन गेलेली, चाळिशीनंतर सुटायला लागली, खाणं तुटत गेलं तरी वजन चढत गेलं, आणि एका आठवड्यात पाव भाकरीवर दीड किलो वाढली. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायचा. त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "न तपासता मी काही ठाम सांगणार नाही, काका. आधीचं वाढलेलं वजन चरबीचं असेल, हेच दुखणं. पण त्या आठवड्यातलं ते दीड किलो पाणी असणार. लिव्हर थकलं की अंगात पाणी धरतं. त्याला खाण्याची गरज नसते. उलट ती उपाशी असेल." मग विचारलं, "कोण होत्या?" मी म्हणालो, ओळखीतली होती. का तसं म्हणालो ते मला माहीत नाही. आई म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

घरी येऊन मी तुझ्या सुनेला डॉक्टरीण बाईंचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं. आग मंदावते, सूज धरते, थोडं खाऊनही माणूस सुटतो, चूक नसते. ती हातातलं निवडायचं ताट खाली ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मी उगीच बोलले हो तुमाला. दुखण्याला माणूस काय करणार." आणि खरंच वाईट वाटलं तिला. जेवताना तिनं अर्धीच्या जागी पाऊण भाकरी वाढली आणि वरून तूप घातलं. मी नको म्हणालो नाही.

आता राहिलं तेवढं सांगतो आणि हे कागद बंद करतो. माझ्या कपाटात जुन्या प्रयोगवह्यांच्या मागं स्टीलचा एक डबा आहे. त्यात गूळ-शेंगदाणे असतात, आणि तुळजापूरहून कुणी आलं की पेढे. दुपारी तुझी सून आडवी झाली की मी तो काढतो. परवा येताना एसटी नळदुर्गला थांबली, तेव्हा रिपोर्टची पिशवी काखेत धरून मी स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली. डॉक्टरीण बाईंनी जेवण कसं आहे म्हणून विचारलं तेव्हा यातलं काहीच सांगितलं नाही. अर्धी भाकरी म्हणालो, आणि त्यांचा माझ्यावर लगेच विश्वास बसला. त्यांनी जे समजावून सांगितलं ते तुझ्यासाठी होतं, माय. मी ते माझ्या नावावर घरी घेऊन आलो. हे पत्र त्या डब्याखालीच ठेवणार आहे, तिथं कुणी बघत नाही. तू खात नव्हतीस. तेव्हा तुझ्या पदरातलं मी खात होतो, आणि आताही मीच खातोय.